एक्सरे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट: कोणतं मशीन नेमकं काय बघतं

"मॅडम, एक्सरे-बिक्सरे राहू द्या, डायरेक्ट एमआरआयच करून टाका, एकदाचं समजून जाईल." नागपुरात मेडिकल चौकापासून धंतोली-रामदासपेठेपर्यंत कोणत्याही इमेजिंग सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य ऐकू येतंच. बोलणारा बहुतेक वेळा गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून घरच्या कोणाला तरी गाडीत घालून आलेला असतो, पैसे मोजून आणलेले असतात, दुसरी चक्कर परवडणार नसते, म्हणून त्याला वाटतं की जी सगळ्यात महाग तपासणी आहे ती एकदाच करून मोकळं व्हावं. मी याच कामात टेक्निशियन आहे, त्यामुळे त्याची अडचण मला पूर्ण कळते. पण या बोलण्यामागे एक समज आहे आणि तो दूर व्हावा असं मला फार वाटतं. लोक धरून चालतात की ही मशीनं पायऱ्यांसारखी आहेत, खाली एक्सरे, त्याच्या वर सोनोग्राफी, मग सीटी, मग एमआरआय, सगळ्यात वर पेट, आणि वरच्या पायरीवर खालचं सगळं दिसतंच.

तसं नाहीये. प्रत्येक मशीन शरीरातली वेगळीच गोष्ट मोजतं. एक्सरे आणि सीटी मोजतात की किरण कुठे किती अडले, सोनोग्राफी मोजते की आवाज कुठून परत आला, एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनकडे बघतं आणि पेट बघतं की साखर कुठे जास्त खाल्ली जातेय. त्यामुळे एका मशीनमध्ये लख्ख दिसणारा आजार दुसऱ्या, दुप्पट महागड्या मशीनमध्ये अजिबात न दिसणं हे आमच्याकडे रोजचं आहे.

एक्सरेपासून सुरू करू. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गला विल्हेल्म राँटगेनला हे किरण सापडले, हे आहे तरी काय ते माहीत नव्हतं म्हणून त्याने त्यांना एक्स म्हटलं, आणि १९०१ मध्ये फिजिक्सचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं. किरण शरीरातून आरपार जातात, हाडात कॅल्शियम असतं म्हणून तिथे बरेच अडतात आणि हाड पांढरं दिसतं, फुफ्फुसात हवा असते म्हणून ते काळं दिसतं. यांच्या मधलं जे काही आहे, मांस, रक्त, पाणी, लिव्हर, ते सगळं जवळपास एकाच राखाडी रंगाचं येतं. हे एवढं डोक्यात ठेवलं की एक्सरे कुठे कामाचा आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल. हाड मोडलं, न्यूमोनियाने फुफ्फुसाचा भाग भरला, छातीत पाणी झालं, तर काळ्या-पांढऱ्यात फरक पडतो आणि तो लगेच दिसतो. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर राखाडीत राखाडी, काहीच दिसणार नाही, मग घरचे म्हणतात "एक्सरे तर नॉर्मल आला, तरी काऊन दुखून राहिलं?" दुखणार, कारण जे तुटलंय ते एक्सरेला दिसतच नाही.

टीबीच्या बाबतीत एक्सरे फार कामाचा आहे, पटकन होतो, स्वस्त आहे, फुफ्फुसाच्या वरच्या भागातला डाग किंवा पोकळी दिसते. पण जुना, बरा झालेला टीबीसुद्धा डाग मागे ठेवून जातो, म्हणून एक्सरे फक्त संशय सांगतो, पक्कं करायला थुंकीची तपासणी लागतेच. नुसत्या फिल्मवर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नका आणि फिल्म नीट वाटली म्हणून थुंकी द्यायचं टाळूही नका.

आता आपल्या विदर्भातलं एक उदाहरण सांगते, कारण त्यात हा सगळा मुद्दा एका ठिकाणी दिसतो. सिकलसेल आपल्याकडे किती घरांमध्ये आहे हे वेगळं सांगायला नको. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. मांडीच्या हाडाचा जो गोल डोकं असलेला भाग खुब्याच्या वाटीत बसतो त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा मुळातच थोड्या असतात, त्या बंद झाल्या की तेवढं हाड आतून मरायला लागतं. कॉलेजात जाणारा पोरगा, लंगडत येतो, जांघेत दुखतंय म्हणतो, एक्सरे काढला की दोन्ही खुबे छान गोल, काही नाही. कारण हाड मेलं तरी त्यातलं कॅल्शियम सुरुवातीला जागेवरच असतं आणि एक्सरे कॅल्शियमच बघतो. काही महिन्यांनी तो गोल भाग दाबला जाऊन चपटा होतो तेव्हा एक्सरेत स्पष्ट दिसतं, पण तोवर खुबा वाचवायची चांगली वेळ निघून गेलेली असते. त्याच पोराचा एमआरआय केला तर हाडाच्या आतल्या मगजात झालेला बदल आधीच दिसतो, हाडाच्या डोक्यात एक वाकडीतिकडी काळी रेघ येते, आतला भाग आणि बाहेरचा भाग वेगळा कळतो. म्हणजे इथे एमआरआयच हवा, तो महाग आहे म्हणून नाही तर मगजातलं पाणी आणि चरबी त्याला दिसते म्हणून. सिकलसेलच्या पेशंटला जांघेत किंवा खुब्यात दुखत असेल आणि एक्सरे नॉर्मल असेल तर तेवढ्यावर थांबू नका, डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा, हे मी ज्याला त्याला सांगत असते.

सोनोग्राफीत किरण नसतात, फक्त आवाज असतो, तोही आपल्याला ऐकू न येणारा. माणसाचा कान साधारण २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, सोनोग्राफीचा प्रोब सेकंदाला २० लाख ते दीड कोटी कंपनं सोडतो. विहिरीत वाकून हाक मारली की पाणी किती खोल आहे त्याप्रमाणे आवाज लवकर-उशिरा परत येतो, तसंच प्रोबमधून गेलेला आवाज लिव्हर, किडनी, गाठ, खडा यांच्या कडांवर आपटून परत येतो आणि किती वेळाने आला यावरून मशीन खोली काढून चित्र बनवतं. शरीरात हा आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटरने जातो असं मशीन धरून चालतं. पण हवा आली की आवाज पुढे जातच नाही, आणि हाड आलं की तिथेच अडतो. पोटावर तो गार चिकट जेल लावतात तो प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहू नये म्हणून, आणि पोटात गॅस भरलेला असला की रिपोर्टमध्ये स्वादुपिंड नीट दिसलं नाही असं लिहून येतं ते याच कारणाने.

उपाशीपोटी या असं सांगतात तेव्हा लोक चिडतात, विशेषतः लांबून आलेले. पण त्याला कारण आहे. काही खाल्लं की पित्ताशय आकसून आतलं पित्त सोडून देतं, मग त्या चिमटलेल्या पिशवीत खडा शोधणं अवघड होतं, आणि चहा जरी घेतला असेल, विशेषतः दुधाचा, तरी फरक पडतो. रिकाम्या पोटी तीच पिशवी पित्ताने फुगलेली, काळी दिसते आणि त्यात खडा असेल तर पांढरा ठिपका आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. मग डॉक्टर म्हणतात, "काकाजी, जरा डाव्या कुशीवर वळा." ते वळतात, आणि स्क्रीनवर तो पांढरा ठिपका घरंगळत खाली जातो. घरंगळला म्हणजे खडा, भिंतीला चिकटून जागेवरच राहिला आणि सावलीही नसेल तर बहुतेक पॉलिप, म्हणजे भिंतीवर वाढलेला मांसाचा कोंब. सीटी किंवा एमआरआयमध्ये पेशंटला असं वळवून तिथल्या तिथे बघता येत नाही, शिवाय पित्ताशयातले बरेच खडे सीटीत दिसतच नाहीत, म्हणून पित्ताच्या खड्यासाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच.

मुतखड्याचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडचा उन्हाळा, घाम, कमी पाणी पिणं, यात लघवी घट्ट होते आणि खडे होतात, मे-जूनमध्ये कमर धरून येणारे किती तरी जण दिसतात. किडनीतला खडा आणि किडनीला आलेली सूज सोनोग्राफीत दिसते, पण खडा खाली नळीत मधोमध अडकला तर तो आतड्यातल्या गॅसमागे लपतो. साध्या एक्सरेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत. डाय, म्हणजे नसा-अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध, न देता केलेला सीटी मात्र जवळपास सगळेच खडे दाखवतो, किती मिलिमीटरचा, नेमका कुठे, सगळं, आणि मशीनवर काही सेकंदांचं काम. आणि एमआरआय? खड्याच्या बाबतीत तो कच्चा आहे, छोटा खडा त्याच्यात हुकू शकतो. डायरेक्ट एमआरआय म्हणणाऱ्यांनी हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी बरंच झालं.

टू डी इको म्हणतात तीसुद्धा हृदयाची सोनोग्राफीच आहे, आणि डॉपलर म्हणजे त्याच आवाजाने रक्ताचा वेग मोजणं. याचा एक उपयोग आपल्या भागात घरोघरी माहीत व्हायला हवा. सिकलसेल असलेल्या लहान मुलांना लकवा मारू शकतो, मुलांना, होय. २ ते १६ वर्षांच्या मुलांच्या कानशिलावर प्रोब ठेवून, तिथलं हाड पातळ असतं म्हणून आवाज आत जातो, मेंदूच्या नसांमधल्या रक्ताचा वेग मोजता येतो. नस अरुंद झाली की रक्त जोरात धावतं. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त निघाला तर धोका मोठा. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर पहिल्यांदा होणाऱ्या स्ट्रोकचं प्रमाण ९२ टक्क्यांनी कमी झालं. ना सुई, ना किरण, ना भूल, मूल आईच्या शेजारी पडून राहतं आणि तपासणी होते. ज्यांच्या मुलाला सिकलसेल आजार आहे, नुसता वाहक नाही तर आजार, त्यांनी या डॉपलरबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा, वर्षातून एकदा तरी.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीबद्दल एकच सांगते. गर्भलिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, १९९४ च्या केंद्राच्या कायद्याने, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला होता. एफ फॉर्म भरून घेतात, सही-कागदपत्रं मागतात, ते त्याच कायद्यामुळे, त्यात वेळ गेला तर काउंटरवरच्या मुलीवर रागावू नका.

सीटी म्हणजे एक्सरेच, पण चारही बाजूंनी फिरून घेतलेला आणि मग कॉम्प्युटरने आडव्या कापांमध्ये मांडलेला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंजिनियर ईएमआय या गाण्याच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत होता, तिथेच त्याने हे मशीन बनवलं, १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये ॲलन कॉरमॅकबरोबर त्याला नोबेल मिळालं. साध्या एक्सरेत जे सगळं राखाडी एकमेकांवर पडलेलं असतं ते सीटी सुटं करून दाखवतो आणि प्रत्येक ठिपक्याला नंबर देतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, ताजं साकळलेलं रक्त ५० ते ७०, हाड कित्येकशे. मेंदू आणि रक्त यांच्या नंबरमधला हा छोटासा फरक माणसाचा जीव वाचवतो.

कारण लकवा दोन तऱ्हेचा असतो. एक, नस फुटून रक्तस्राव होतो. दुसरा, नस गुठळीने बंद होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, पण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणून आधी सीटी, कारण ताजं रक्त त्याच्यात पांढरं चमकतं आणि दोन मिनिटांत कळतं की रक्तस्राव आहे की नाही. इथे नातेवाईक हमखास विचारतात, "सीटी तर नॉर्मल म्हणताहेत, मग लकवा कसा?" पहिल्या काही तासांत गुठळीचा लकवा सीटीत बऱ्याचदा दिसतच नाही, आणि नॉर्मल सीटीचा अर्थ तेव्हा एवढाच की रक्तस्राव नाहीये, इंजेक्शनचा विचार करता येईल. एमआरआयमधला डिफ्यूजन नावाचा भाग तो लकवा अगदी लवकर दाखवतो, पण त्याला वेळ लागतो, पेशंट स्थिर पडून राहावा लागतो. दर मिनिटाला मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. उमरेड, काटोल, रामटेककडून निघताना गाडीत बसल्या बसल्या एक काम करा, पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा. साडेचार तास तिथून मोजतात, तुम्ही हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही.

एमआरआयचं चुंबक १.५ किंवा ३ टेस्लाचं असतं, १.५ म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटीच्या आसपास. आपल्या शरीरात पाणी भरपूर आणि पाण्यात हायड्रोजन, त्या हायड्रोजनची केंद्रकं या चुंबकात एका दिशेला लागतात, मग रेडिओ लहरींनी त्यांना हलवलं जातं आणि परत जागेवर येताना ती सिग्नल देतात. मेंदू, मणक्यांमधली चकती, स्नायू, गाठ, सूज, प्रत्येकात पाणी वेगळ्या तऱ्हेने धरलेलं असतं म्हणून सिग्नल वेगळा, आणि म्हणून मऊ भागांमधला बारीक फरक एमआरआयसारखा कोणालाच दिसत नाही. मणका, मेंदू, सांधे यांत तो राजा. किरण नाहीत. मधला तो ठकठक-घरघर आवाज आतल्या कॉइल्समध्ये करंट झपाट्याने बदलतो आणि त्या थरथरतात म्हणून येतो, घाबरायचं काही नाही, कानात बोळे देतातच.

घाबरायचं दुसऱ्याच गोष्टीला. हे चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतं, रात्रीसुद्धा. २०१८ मध्ये मुंबईतल्या एका हॉस्पिटलात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, मशीनने सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि त्याचा जीव गेला. मंगळसूत्र, साडीच्या पिना, किल्ल्या, कानातलं मशीन, खिशातली नाणी, सगळं बाहेर काढायला लावतो ते यासाठी. पेसमेकर आहे का, डोक्याच्या ऑपरेशनमध्ये क्लिप बसवली आहे का, वेल्डिंगचं काम करता का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आम्ही दोनदा-तीनदा विचारतो, कृपा करून प्रत्येक वेळी नीट आठवून सांगा. पायात टायटॅनियमची प्लेट असेल तर बहुतेक वेळा चालतं, पण सांगा.

आणि कमरेच्या एमआरआयबद्दल. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे मणक्याचे स्कॅन एकत्र करून पाहिलेत, तर विशीतल्या लोकांमध्येच ३७ टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि पन्नाशीत ८० टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये चकती झिजली, बाहेर आली असं लिहिलं म्हणजे दुखणं त्याचंच असेल असं नाही. पायात ताकद कमी होतेय, लघवीवर ताबा राहत नाही, ताप आहे, वजन उतरतंय, आधी कॅन्सर झालेला आहे, अशा वेळी एमआरआय लगेच. नुसती कंबर धरली असेल तर डॉक्टर थोडे दिवस थांबा म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीयेत.

आता खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. नागपुरात पन्नीत घोटलेला खर्रा कोणत्या चौकात मिळत नाही? तोंड उघडायचं कमी होतं, गालात पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम. तिथे कॅन्सर आहे की नाही हे कोणतंही स्कॅन सांगत नाही, तुकडा काढून तपासावाच लागतो. स्कॅन सांगतं की तो कुठवर गेला. जबड्याचं हाड खाल्लंय का यासाठी सीटी, गालाच्या स्नायूंत आणि मज्जातंतूच्या वाटेने किती आत शिरलाय यासाठी एमआरआय, मानेतल्या गाठींसाठी सोनोग्राफी आणि लागली तर तिच्याच मदतीने सुई. एकाच जखमेसाठी तीन तपासण्या सांगितल्या की घरच्यांना लुटल्यासारखं वाटतं, पण सर्जनला तिन्ही उत्तरं लागतात, कुठवर कापायचं ते त्यावरच ठरतं.

पेट स्कॅनमध्ये साखरेला थोडं किरणोत्सारी फ्लोरिन जोडून शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून तिथे ती जमते आणि चमकते. हे फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे डोस वेळेवर बनून येतो आणि तुम्ही तासभर उशिरा आलात तर थांबवून ठेवता येत नाही. सहा तास उपाशी, शुगर ताब्यात, आदल्या दिवशी जड व्यायाम नाही, कारण थकलेला स्नायूही साखर ओढतो. पण टीबीची गाठसुद्धा साखर खाते आणि तशीच चमकते. आपल्या देशात टीबी इतका आहे की चमकलं म्हणजे कॅन्सर पसरला असं धरून घरच्यांनी आशा सोडायची नाही, बऱ्याचदा त्या गाठीचा तुकडा तपासूनच पुढचं ठरतं.

किरणांची भीती योग्य तेवढीच असावी. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) मिळतात. छातीचा एक एक्सरे ०.१ किंवा त्याहून कमी, पोटाचा सीटी ८ ते १० च्या आसपास. गरज असताना सीटीला नाही म्हणू नका, पण लहान मूल पडलं, एकच टेंगूळ आहे, खेळतंय, उलटी नाही, आणि डॉक्टर म्हणतात सीटी नको नुसतं लक्ष ठेवा, तर आग्रह करू नका. पाळी चुकली असेल तर एक्सरे-सीटीच्या आधी सांगा. डाय द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत आणा आणि आधी कधी डायने अंगावर पित्त उठलं होतं का ते सांगा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं "सीटी ब्रेन" एवढंच असलं की रिपोर्ट लिहिणाऱ्यालाही कळत नाही शोधायचं काय. कधीपासून, कोणत्या बाजूला, पडला होता का, आधी ऑपरेशन कोणतं, हे चिठ्ठीवर लिहून घ्या, नसेल तर तोंडी सांगा. आणि जुनं सगळं आणा, रिपोर्टचा कागदच नाही तर फिल्म आणि सीडीसुद्धा. फुफ्फुसातली छोटी घट्ट गाठ दोन वर्षांपूर्वीही तेवढीच होती हे जुन्या स्कॅनवरून दिसलं तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी धरतात आणि सुई टोचायची वेळच येत नाही. फिल्म गाडीच्या काचेखाली किंवा डिकीत ठेवू नका, आजकालच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवरच छापलेल्या असतात, मे महिन्यात बंद गाडीत पडून राहिल्या की काळ्या पडतात आणि मग बघण्यासारखं काही उरत नाही. सेंटरमधून निघतानाच डायकॉम फाइलची, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल चित्रांची, सीडी किंवा लिंक मागून घ्या, मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवर कोणालाच नीट काही सांगता येत नाही.